बडोद्यात मित्राकडे दोन दिवस: राजवाडा तुमचे तुम्ही पाहा, बाकीचा वेळ मित्राला द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्याहून दोन कुटुंबं, सोबत आठ वर्षांची मुलगी, नोव्हेंबरातला शनिवार-रविवार. इंजिनिअरिंग कॉलेजातला मित्र बडोद्याला वासणा-भायली भागात स्थायिक झालाय, त्याच्याकडेच उतरायचं. यादीत लक्ष्मीविलास राजवाडा, सयाजीबाग, जुनं शहर, पावागड-चांपानेर आणि स्टॅच्यू ऑफ युनिटी. "धावपळ न होता हे सगळं कसं बसवायचं?"

बसणार नाही. बसवूही नका. मी बडोद्यातच लहानाची मोठी झाले, आणि बरीच वर्षं पाहुण्यांना जुन्या शहरात, वाड्यांत, संग्रहालयांत फिरवते आहे. मित्राकडे, भावाकडे, मामाकडे उतरलेले पाहुणे माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांचं गणित एकाच जागी चुकलेलं असतं: शहर पाहायचं आणि मित्राला भेटायचं, ही दोन्ही कामं ते एकाच वेळात उरकू बघतात. मग मित्र दोन दिवस गाडी चालवत राहतो, पार्किंग शोधतो, तिकिटाच्या रांगेत उभा राहतो, आणि रविवारी संध्याकाळी स्टेशनवर सगळ्यांच्या लक्षात येतं की गप्पा राहूनच गेल्या.

म्हणून पहिली गोष्ट, पावागड आणि स्टॅच्यू ऑफ युनिटी यादीतून काढा. दोन्ही बघण्यासारखी ठिकाणं आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा बडोद्यापासून साधारण नव्वद किलोमीटरवर. जाऊन-येऊन आणि तिथल्या सुट्टीच्या गर्दीत अख्खा दिवस जातो. पावागड पन्नासेक किलोमीटरवर आहे खरा, पण रोपवेची रांग, त्यानंतरच्या पायऱ्या आणि खाली चांपानेर. २००४ साली जागतिक वारशात गेलेल्या त्या चांपानेरची जामी मशीद घाईत बघणं म्हणजे न बघण्यासारखंच. या दोन्हीसाठी पुन्हा या, आणि तेव्हा हॉटेलात उतरा.

आता येण्याबद्दल. ठाण्याहून गाडीनं यायचा मोह होईल, पण शुक्रवारी संध्याकाळी घोडबंदर रोड आणि पुढे अहमदाबाद हायवे पार करून चारशे किलोमीटर आलात की शनिवार सकाळ झोपेतच जाईल. बोरिवलीला रेल्वे पकडा. चांगली गाडी मिळाली तर साडेचार-पाच तासांत बडोदं येतं. मात्र मुंबईहून रात्री निघून पहाटे तीन-चारला बडोद्याला पोचवणाऱ्या गाड्या घेऊ नका. मित्र "काही हरकत नाही, मी येतो" असंच म्हणेल. पण पहाटे तीनचा गजर त्याच्या बायकोलाही ऐकू येतो. शुक्रवारी दुपारी निघून रात्री जेवायच्या वेळेला पोचता आलं तर उत्तम, नाहीतर शनिवारी पहाटेची गाडी धरून सकाळी उजेडात उतरा. आणि कुठल्या बाजूनं बाहेर पडणार हे आधी ठरवा: एक बाजू सयाजीगंजात उघडते, दुसरी अलकापुरीत. फोनवर "मी बाहेर उभा आहे" असं दोघंही म्हणतात आणि मध्ये सगळे प्लॅटफॉर्म असतात. वासणा-भायलीकडे जायला अलकापुरीची बाजू सोयीची.

तिकीट काढण्याआधी मित्राला दोन गोष्टी विचारा. एक, त्याला शनिवारी सुट्टी आहे का. बडोदं हे कारखान्यांचं गाव आहे. रिफायनरी, खतं, पेट्रोकेमिकल्स, इंजिनिअरिंगचे छोटे-मोठे उद्योग. बऱ्याच जणांचा शनिवार कामाचा असतो. तो सांगणार नाही, रजा टाकेल. तुम्ही विचारलंत तर खरं सांगेल. दुसरी गोष्ट, दिवाळी कधी आहे ते बघा. दिवाळीनंतर लाभपंचमीपर्यंत इथली बरीच दुकानं बंद असतात. त्यामुळे जुन्या शहरातली अर्धी मजा जाते, शिवाय तुमच्या मित्राचं घर तेव्हा नातेवाइकांनी भरलेलं असेल. लाभपंचमी उलटून एखादा आठवडा गेल्यावर या. हवा गार व्हायला लागलेली असते, बाजारात हिरवी लसूण आणि वालपापडी येऊ लागते, आणि घरोघरी उंधियूची चर्चा सुरू होते.

शनिवारची सकाळ मित्राला मोकळी द्या. त्याला ऑफिसला जायचं असेल तर जाऊ दे, नसेल तर घरी पेपर वाचत बसू दे. तुम्ही रिक्षा किंवा कॅब करून राजवाडा पाहून या. हे थोडं विचित्र वाटेल, मित्राच्या गावात आल्यावर मित्राला मागं ठेवून राजवाडा बघायचा. पण बडोद्यात राहणाऱ्या माणसानं प्रत्येक पाहुण्याबरोबर हा राजवाडा पाहिलेला असतो. दरबार हॉलमधली रंगीत काच त्याला पाठ झालेली असते. त्याची सकाळ वाचवलीत तर संध्याकाळी तो ताजातवाना तुमच्याबरोबर असेल.

राजवाडा उघडताच पोचा. लक्ष्मीविलास १८९० साली पूर्ण झाला. आराखडा मेजर चार्ल्स मँटचा, पण तो १८८१ मध्ये वारला आणि काम रॉबर्ट चिझम यानं तडीस नेलं. राजघराणं आजही इथंच राहतं, त्यामुळे पाहायला मोजकीच दालनं खुली असतात, आणि ते बरंच आहे. तिकिटाबरोबर ऑडिओ गाईड मिळतो तो घ्या आणि दरबार हॉलमध्ये घाई करू नका. जमीन व्हेनिसच्या पद्धतीच्या मोझेइकची आहे. खाली वाकून बघितलंत तर बारीक तुकडे कसे बसवलेत ते कळतं, आणि लहान मुलांना ते मोठ्यांच्या आधी दिसतं. बाहेर आलात की त्याच आवारात महाराजा फत्तेसिंह संग्रहालय आहे, त्याचं तिकीट वेगळं. बरेच पाहुणे इथवर थकतात आणि ते सोडून देतात. माझं मत विचाराल तर राजवाडा अर्धा पाहा पण हे चुकवू नका, कारण राजा रविवर्म्याची मूळ चित्रं इथं आहेत. सयाजीराव महाराजांनी नव्या राजवाड्यासाठी त्याच्याकडून चौदा पौराणिक चित्रं करून घेतली होती. आपल्या आजी-पणजीच्या घरांत कॅलेंडरवर, देवघरात जी रविवर्मा छापाची चित्रं होती, ती ज्या हातातून आली त्या हाताचा रंग इथं समोरून बघता येतो. नऊवारीचा काठ, दागिन्यातला मोती, त्यावरचा उजेड. छापील प्रतीत यातलं काही उतरत नाही. सोमवारी हे सगळं बंद असतं, तुमच्या बाबतीत तो प्रश्न नाही.

दुपारी जेवायला घरी. हे मी ठामपणे सांगते. मित्राची बायको "बाहेरच जेवू या" म्हणाली तर तिचं ऐका, पण तुम्ही स्वतःहून बाहेरचा बेत लादू नका. घरी जेवायचं असेल तर आदल्या दिवशीच सांगा, आणि साधं करायला सांगा. कढी-खिचडी आणि सोबत लसणाची चटणी. बडोद्यातल्या मराठी घरांत आमटीत गूळ जरा जास्त असतो आणि ताटात कुठंतरी अथाणूं, म्हणजे गुजराती लोणचं, असतं. त्यावर शेरे मारायचे नाहीत, चवीनं खायचं. मग दोन तास आडवं व्हा. दुपारी एक ते चार हे शहर स्वतःच आडवं होतं. जुन्या पेठेतल्या कित्येक दुकानांची शटरं अर्धी खाली असतात.

साडेचार-पाचला सगळे मिळून जुन्या शहराकडे निघा. गाडी सूरसागरच्या आसपास लावा आणि पुढे पायी. तळ्याच्या काठावर संगीत महाविद्यालयाची इमारत आहे. १८८६ मध्ये उस्ताद मौलाबक्षांच्या हाताखाली सुरू झालेली ती गायनशाळा, आता विद्यापीठाचा भाग आहे. संध्याकाळी तबल्याचा, कथकच्या घुंगरांचा आवाज बाहेर येतो. पलीकडे न्यायमंदिर. १८९६ ची ही इमारत शंभराहून अधिक वर्षं कोर्ट म्हणून वापरात होती, २०१८ मध्ये कोर्ट दुसरीकडे गेलं. तिथून लहरीपुरा दरवाज्यातून आत शिरलात की मांडवीपर्यंत सरळ रस्ता. मांडवी म्हणजे चारही बाजूंना कमानी असलेला चौकातला मंडप, चार दरवाज्यांकडून येणारे रस्ते इथं मिळतात. तिच्या दुरुस्तीचं काम चालू असेल तर लांबून बघा.

या फेरीला तासाभराहून जास्त वेळ देऊ नका, आणि मित्राला पुढं चालू द्या. तो तुम्हाला इमारती दाखवणार नाही, त्याचा कटलरीवाला दाखवेल, बहिणीच्या लग्नाचे कपडे कुठं घेतले ते दाखवेल, नरसिंहजीच्या पोळेकडे, म्हणजे जुन्या गल्लीकडे, बोट करेल. माझ्यासारखीला जे सांगता येत नाही ते हेच.

ज्यांना आवड आहे त्यांच्यासाठी आणखी एक जागा: मांडवीजवळचं सेंट्रल लायब्ररी. सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून सगळ्या संस्थानात ग्रंथालयांचं जाळं उभं केलं, त्याचं हे केंद्र. पुस्तकांच्या दालनात मजल्यांची जमीन जाड काचेची आहे, वरून आलेला उजेड एका मजल्यातून खालच्या मजल्यावरच्या फडताळांपर्यंत उतरतो. पुस्तकांच्या लोखंडी घोड्यांमधून चालताना डोक्यावर वरच्या माणसाच्या पायांच्या सावल्या दिसतात. ते दालन वाचकांसाठी आहे, पर्यटकांसाठी नाही. म्हणून आत जायची परवानगी विनम्रपणे मागा, नाही म्हणाले तर वाचनकक्षात दहा मिनिटं बसून या. तुमची मुलगी पुस्तकं वाचणारी असेल तर राजवाड्यापेक्षा हे तिच्या जास्त लक्षात राहील. रावपुऱ्यात तांबेकर वाडाही आहे, बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकरांचा लाकडी चौमजली वाडा, आत भिंतभर चित्रं. पण तो संध्याकाळी बंद होतो, त्याच्यासाठी शनिवार मोडू नका.

रात्री सेव-उसळ. पांढऱ्या वाटाण्याची पातळ उसळ, वर जाड सेव, कांदा, हिरवी पात, लसणाची लाल चटणी, आणि वेगळ्या भांड्यातून वाढायची झणझणीत तरी. सोबत पाव. बडोद्याबाहेर गुजरातेत इतकी मनापासून ही कुणी खात नाही, आणि उसळ-तरी हे शब्द कुठून आले ते तुम्हाला सांगायला नको. प्रत्येक बडोदेकराची गाडी ठरलेली असते. मी नाव सुचवणार नाही, मित्र नेईल तिथंच जा. मुलीसाठी तरीशिवाय सेव-उसळ मागा, देतात.

एक गंभीर सूचना. गुजरातेत दारूबंदी आहे आणि ती कागदावरची नाही. "मित्रासाठी" म्हणून बॅगेत बाटली टाकून आणू नका. रेल्वे स्टेशनवर आणि राज्याच्या हद्दीवर तपासणी होते. पकडले गेलात तर तुमच्याबरोबर ज्याच्या घरी उतरलात त्यालाही निस्तरावं लागतं. आणायचंच असेल तर दिवाळी अंक आणा. इथं जुनी मराठी घरं शेकड्यांनी आहेत, मराठी वाचनाची भूक आहे, आणि नवे अंक हाताशी मिळत नाहीत. मित्राच्या आई-वडिलांपैकी कुणी घरी असेल तर त्यांच्या हातात द्या.

रविवारी सकाळी लवकर उठायची गरज नाही, पण मित्राबरोबर फाफडा-जिलबी आणायला जरूर जा. रविवारी फरसाणवाल्याच्या दुकानासमोर पातेली घेऊन आलेल्या लोकांची रांग असते. कढीसाठी घरूनच भांडं न्यायचं, पपईचा संभारा आणि तळलेली मिरची कागदात. त्या रांगेत उभं राहून तुम्हा दोघा मित्रांच्या जेवढ्या गप्पा होतील तेवढ्या दिवसभरात होणार नाहीत.

नाश्ता झाला की सयाजीबाग. इथले लोक तिला कमाटीबाग म्हणतात. १८७९ ची बाग, शंभर एकरांहून मोठी. दरवाज्यापाशी काळा घोडा, म्हणजे सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा. आत शिरल्यावर मुलीला सरळ संग्रहालयात न्या. १९४४ मध्ये मही नदीच्या मुखापाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा पूर्ण सांगाडा तिथं टांगलेला आहे, आणि इजिप्तची ममी आहे. त्यापुढं तिला काही नको असेल. मोठ्यांनी अकोट्याच्या जैन कांस्यमूर्ती बघाव्यात. १९५१ मध्ये सापडलेल्या या मूर्ती ज्या अकोट्यातून निघाल्या तो आता शहराचाच एक भाग आहे, मित्राच्या घराकडे जाताना तुम्ही तिथूनच गेला असाल.

बागेच्या कडेनं विश्वामित्री वाहते, आणि तिच्यात मगरी आहेत. भर शहरातल्या नदीत, खऱ्या. हिवाळ्यात दहा-अकराच्या उन्हात त्या काठाच्या चिखलावर येऊन पडतात. पुलावरून बघा, दुर्बीण असेल तर घेऊन या, आणि काठाकडे उतरू नका.

याच बागेत एका जागी मात्र सगळ्यांनी थांबावं असं मला मनापासून वाटतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले आणि १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी इथं परतले. परदेशात शिकून आलेल्या या माणसाला या शहरात राहायला जागा मिळाली नाही. ज्या पारशी सराईत उतरले होते तिथून त्यांना हुसकून लावलं गेलं. ते या बागेत एका झाडाखाली बसले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते, आणि २३ सप्टेंबरला दूरदूरहून लोक इथं येतात. आम्ही बडोदेकर सयाजीरावांचं कौतुक करताना थकत नाही, आणि ते योग्यच आहे. सक्तीचं प्राथमिक शिक्षण १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात लागू करणारा राजा होता तो. पण शिष्यवृत्ती देणारं बडोदं आणि खोली नाकारणारं बडोदं एकच होतं. आठ वर्षांच्या मुलीला हे समजतं. तिला सांगा.

तिथून कीर्तिमंदिर जवळच आहे. ही माझी सगळ्यात आवडती जागा, आणि बहुतेक पाहुणे तिच्यासमोरून गाडीतून निघून जातात. गायकवाड घराण्याच्या स्मृतीसाठी १९३६ मध्ये बांधलेली ही वास्तू. वर उंच कमानीवर सूर्य, चंद्र आणि अखंड भारताचा नकाशा कोरलेली पृथ्वी. पण खरी गोष्ट आत आहे. मधल्या दालनाच्या चार भिंतींवर नंदलाल बोसांनी १९३९ ते १९४६ या काळात शांतिनिकेतनहून येऊन, शिष्यांना हाताशी घेऊन, चार भित्तिचित्रं केली: गंगावतरण, महाभारताचं युद्ध, मीरेचं आयुष्य आणि रवींद्रनाथ टागोरांच्या नाटकावरचं नटीर पूजा. युद्धाच्या भिंतीसमोर उभे राहा. आधी नुसती गर्दी दिसते. दोन मिनिटांनी रथांच्या आणि घोड्यांच्या रेषा वेगळ्या होतात, आणि नजर कुठल्या बाजूनं आत न्यायची ते चित्रच सांगतं. मग वळून गंगावतरण पाहा, तिथं सगळं वरून खाली, सावकाश. दालनात फार उजेड नसतो, डोळे सरावायला वेळ द्या. अर्धा तास इथं बसलात तरी चालेल, कुणी उठवत नाही. फक्त रविवारी उघडं आहे ना, एवढं मित्राला आदल्या दिवशी विचारून ठेवायला सांगा.

रविवारची दुपार रिकामी ठेवा. मित्राच्या सोसायटीच्या गच्चीवर, अंगणात, झोपाळ्यावर, जिथं बसायची सवय असेल तिथं बसा. गुजरातेतल्या घरांत झोपाळा ही बैठकीची जागा असते, एकेकाच्या हातात चहा देऊन तासन्‌तास चालतो तो. मुलं खेळू देत. संध्याकाळी पाच-साडेपाचच्या सुमाराची गाडी धरलीत तर रात्री जेवणाच्या थोडं उशिरा घरी पोचाल. रविवार संध्याकाळच्या मुंबईच्या गाड्या आधीच भरतात, म्हणून येतानाचं आणि परतीचं तिकीट एकदमच काढा.

नेण्यासाठी लीलो चेवडो घ्या. बटाटा, हरभऱ्याची डाळ, काजू, बेदाणे आणि हिरव्या मिरचीचा तो ओलसर चेवडा फक्त बडोद्याचाच. तो फार दिवस टिकत नाही, त्यामुळे निघायच्या दिवशीच घ्या आणि चार-पाच दिवसांत संपवा. टिकाऊ काही हवं असेल तर भाकरवडी.

आणि नोव्हेंबर जमलाच नाही तर नवरात्रात येऊ नका. बडोद्याचा गरबा जगात नावाजलेला असला तरी त्या नऊ रात्री तुमच्या मित्राच्या घरचं वेळापत्रक त्याच्या हातात नसतं, पास संपलेले असतात आणि पहाटे दोनशिवाय कुणी झोपत नाही. त्यापेक्षा १४ जानेवारीचं उत्तरायण गाठा. त्या दिवशी सगळं शहर गच्चीवर असतं, सकाळी सातपासून. कुठं जायचंच नसतं. पतंग, फिरकी, तिळाची चिक्की, बोरं, दुपारी उंधियू-जिलबी, आणि दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण म्हणून पुन्हा तेच. दोन सूचना त्याच्याही: मुलीच्या बोटांना चिकटपट्टी गुंडाळा आणि साधा सुती मांजाच वापरा. चिनी मांजावर बंदी आहे, त्यानं पक्षी मरतात आणि दुचाकीवरच्या माणसांचे गळे कापले जातात. त्या दोन दिवसांत मित्राच्या स्कूटरवर बसायची वेळ आली तर गळ्याला जाड मफलर बांधा आणि त्यालाही बांधायला लावा.